जावातला नल: फुटतो एका ओळीवर, जन्मतो दुसरीकडे

कुळागर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात देवघेवीचा प्रोग्राम जावात आहे. कॉलेजातल्या मुलामुलींनी हौसेने, एक पैसा न घेता लिहिलेला, आणि चांगला लिहिलाय. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तो अधूनमधून नलपॉइंटरएक्सेप्शन देऊन थांबायला लागला. नल म्हणजे जिथे काही असायला हवं तिथे काहीच नाही; अशा रिकाम्या जागेला काम सांगितलं की जावा हे एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, देते. मुलं येतात, जिथे फुटलं त्या ओळीवर 'नल नसेल तरच' अशी अट घालतात, पावती छापली जाते, सगळे खूश. मग महिनाअखेरीला थकीत पुस्तकांची यादी काढताना दुसरीकडेच फुटतं. तिथेही अट. या अटी आता इतक्या झाल्यात की कोड वाचताना मूळ काम काय चाललंय तेच कळेनासं झालंय.

म्हणून मुलांसोबत बसून एकेक नल मुळापर्यंत नेला. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. आपल्याकडे जावा शिकणारे पुष्कळ आहेत आणि हा विषय वर्गात दहा मिनिटांत उरकतात. माझं म्हणणं एवढंच आहे: एक्सेप्शन ज्या ओळीवर येतं तिथे नल वापरला गेला, इतकंच त्यातून कळतं. तो आला कुठून, आणि त्याने तिथे असणं बरोबर की चूक, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय कोडला हात लावू नये.

आधी स्टॅक ट्रेस, म्हणजे फुटल्यावर छापली जाणारी मेथडींची यादी. सगळ्यात वर जिथे फुटलं ती मेथड, तिच्याखाली तिला बोलावणारी, तिच्याखाली आणखी तिला बोलावणारी. वरच्या ओळी जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या असतील तर त्या ओलांडायच्या आणि आपल्या पॅकेजचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचं. ट्रेस लांबलचक असेल आणि मध्ये मध्ये 'कॉज्ड बाय' येत असेल तर शेवटचं 'कॉज्ड बाय' आधी वाचायचं. फ्रेमवर्क मूळ एक्सेप्शनवर आपली वेष्टनं चढवत जातं, खरं दुखणं तळाशी असतं.

आमची ओळ अशी होती: लोन.गेटमेंबर().गेटमिडलनेम().ट्रिम(). तीन टिंबं, म्हणून संशयितही तीन: लोन स्वतः, त्यावरचा सभासद, किंवा सभासदाचं मधलं नाव. जुन्या जावात इथे अंदाजच बांधावा लागे. जेईपी ३५८ या जावाच्या सुधारणा-प्रस्तावाने हे बदललं: नेमकं काय नल आहे ते संदेशातच येऊ लागलं. मार्च २०२० मध्ये आलेल्या जावा १४ मध्ये ही सोय वेगळा पर्याय देऊन चालू करावी लागायची, जावा १५ पासून ती आपोआप चालू असते. वाचनालयातला संगणक जावा ८ वर होता. तोच प्रोग्राम चाचणीसाठी जावा १७ वर चालवला आणि संदेश आला: 'कॅनॉट इन्व्होक स्ट्रिंग.ट्रिम() बिकॉज द रिटर्न व्हॅल्यू ऑफ मेंबर.गेटमिडलनेम() इज नल'. तीनपैकी एकावर बोट ठेवून सांगितलं. ज्यांना जावा ८ सोडता येत नाही त्यांनी ती ओळ मोडून तीन व्हेरिएबल करावीत, म्हणजे ट्रेसमधला ओळ क्रमांकच उत्तर देईल. किंवा इक्लिप्स, इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनांत एक्सेप्शन ब्रेकपॉइंट लावावा. फुटण्याच्या क्षणी प्रोग्राम थांबतो आणि त्या घडीची सगळी व्हेरिएबल समोर दिसतात.

आता दुसरा प्रश्न. मधलं नाव नल का?

सभासदत्वाच्या फॉर्मवर तीन रकाने आहेत: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पण गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मध्ये वडिलांचं नाव लावायची रीत नाही. हिंदू घरांतही आता कितीतरी जण नाव आणि आडनाव एवढंच लिहितात. म्हणजे हा रकाना रिकामा असणं ही चूक नाहीच, ती माणसाची खरी माहिती आहे. चूक आहे ती 'मधलं नाव असणारच' असं धरून चाललेल्या कोडची. आणि असं धरणारी ठिकाणं किती? पावती, थकीत यादी, ओळखपत्र, वर्गणीची नोंद. प्रत्येक ठिकाणी नाव नव्याने जोडलं होतं. ओळखपत्रावर तर ट्रिम नव्हतं, नुसती अधिक चिन्हाने जोडणी होती, त्यामुळे तिथे फुटलं नाही पण कार्डावर नाव, मग इंग्रजीत 'नल', मग आडनाव असं छापून आलं. जावात स्ट्रिंगला नल जोडला की एक्सेप्शन येत नाही, ती चार अक्षरं येतात. न फुटणारा नल हा जास्त वाईट, कारण तो थेट सभासदाच्या हातात जातो. उपाय केला तो एका जागी: मेंबर क्लासमध्ये पूर्ण नाव देणारी एकच मेथड, मधलं नाव असेल तर धरते, नसेल तर सोडते. बाकी सगळ्या अटी काढून टाकल्या.

दुसरा नल नेमका उलटा. साठा तपासणीची यादी शीर्षकानुसार लावताना फुटायचं. ट्रेसच्या वरच्या ओळी सगळ्या जावाच्या सॉर्टिंगच्या, आपलं पॅकेज बरंच खाली. एका मुलाने लगेच सुचवलं की कंपॅरेटरला (दोन नोंदींची तुलना करणाऱ्या भागाला) नल्सफर्स्ट लावू, म्हणजे नल आधी येतील आणि यादी निघेल. यादी निघाली असती, खरं आहे. पण शीर्षक नसलेलं पुस्तक कपाटात असतं का? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नसलेलं असतं. तो क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० मध्ये, आणि आमच्याकडची निम्मी कपाटं त्याआधीची. तिथला नल योग्य. शीर्षकाचा नाही.

शोध घेत गेलो तर मूळ निघालं एक्सेलमध्ये. जुनी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये उतरवताना एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर दाखल क्रमांक तीन ओळींत वेगळे लिहिले, आणि शीर्षकाचे तीन सेल मर्ज केले. दिसायला सुबक. पण मर्ज केलेल्या सेलमध्ये मजकूर फक्त वरच्या सेलचा राहतो, खालचे रिकामे. आयात करणाऱ्या कोडने रिकामा सेल आला की नल ठेवला आणि पुढे गेला. चूक झाली त्या दिवशी, फुटली कित्येक महिन्यांनी, आणि फुटली ती अशा मेथडमध्ये जिचा यात काडीचाही दोष नव्हता. इथे उपाय तीन जागी: आयातीचा कोड दुरुस्त केला, बुक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल घातलं, जे नल आला की तिथेच एक्सेप्शन देतं, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्याला नॉट नल, म्हणजे रिकामा चालणार नाही अशी अट, लावलं. पुन्हा असं काही आलं तर दारातच अडेल.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोनमधली परत-तारीख. ती नल म्हणजे पुस्तक अजून सभासदाकडे आहे. इथवर ठीक. पण जुन्या नोंदींत पुस्तक परत आलंय, तारीख लिहायची राहिली, तिथेही नल. आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घेऊन नोंद बंद केली, तिथेही नल. एकाच नलचे तीन अर्थ: अजून नाही, माहीत नाही, येणारच नाही. कोड कितीही जपून लिहा, हा गुंता अटींनी सुटत नाही. आम्ही लोनला स्थिती असा वेगळा इनम, म्हणजे ठरावीक किमतींची यादी, दिला: 'चालू', 'परत', 'भरपाई', आणि तारीख फक्त माहिती म्हणून ठेवली. थकीत यादी आता तारखेकडे बघून ठरत नाही, स्थितीकडे बघून ठरते.

प्रत्येकाने आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः जिथे नलचा माग काढणं अवघड गेलं असे.

सुरंगी

कुळागर सर, धागा खूप उपयोगी आहे, वाचनखूण साठवली. मी मडगावला शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या प्रोजेक्टमधल्या एका ओळीत टिंबावर नल यायला जागाच नाही, तरी एक्सेप्शन येतं. ओळ अशी: इंट दंड = दंडदर.गेट(प्रवर्ग). दंडदर हा मॅप (किल्ली दिली की किंमत देणारा तक्ता) नल नाही, वरच्याच ओळीवर प्रिंट करून बघितला, आत सगळे दर दिसतात. संदेशात 'इंटव्हॅल्यू' असं काहीतरी येतं, पण मी तर ती मेथड कुठेच बोलावलेली नाही.

साष्टीकर

सुरंगी, तू बोलावली नाहीस, कंपायलरने बोलावली. मॅपमध्ये किमती इंटिजर या क्लासच्या आहेत आणि डावीकडे साधा इंट आहे. मधे कंपायलर गुपचूप इंटव्हॅल्यू घालतो, यालाच अनबॉक्सिंग म्हणतात. प्रवर्ग मॅपमध्ये सापडला नाही की गेट नल देतं, आणि नलवर इंटव्हॅल्यू म्हटल्यावर फुटतं.

याचाच एक चोरटा भाऊ आहे, तोही बघून ठेव. डावीकडे इंटिजर असला तरी फुटतं: इंटिजर दंड = सवलत ? ० : दंडदर.गेट(प्रवर्ग). प्रश्नचिन्हाच्या पुढे एका बाजूला साधा ०, दुसऱ्या बाजूला इंटिजर. अशा वेळी जावा पूर्ण अभिव्यक्तीचा प्रकार इंट धरते, म्हणून उजवीकडचा नल आधी उलगडायला जाते आणि तिथेच आपटते. आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे उदाहरण मुद्दाम दाखवतो, कारण डोळ्यांना त्यात काहीच गैर दिसत नाही.

गेटऑरडिफॉल्ट, म्हणजे किल्ली सापडली नाही तर आपण ठरवलेली किंमत देणारी मेथड, वापरलंस तर फुटणं थांबेल. पण त्याआधी प्रवर्ग सापडत का नाही ते शोध. दंड चुकून ० लागला तर कोणी तक्रार करायला येणार नाही, आणि चूक तशीच राहील.

सुरंगी

धन्यवाद दादा. प्रवर्गाचं नाव 'कर्मचाऱ्यांसाठी' आहे. मॅपमध्ये तेच, फॉर्ममधून येतं तेही तेच. दोन्ही प्रिंट केले, अक्षर न् अक्षर सारखं दिसतं. ट्रिमही लावून पाहिलं. तरी इक्वल्स फॉल्स देतं, म्हणजे दोन्ही वेगळे म्हणतं!

कुळागर

सुरंगी, हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकासमोर कधीतरी येतो, म्हणून जरा नीट सांगतो.

'ऱ्या' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक तऱ्हा: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं एक चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, आत मात्र वेगळे कोडपॉइंट आहेत. स्ट्रिंगची लांबीही वेगळी येईल, दोन्हींची लेंग्थ छापून बघ. तुझ्या मॅपमधली किल्ली एका कीबोर्डवर टाइप झाली असणार आणि फॉर्ममधली दुसऱ्या. 'ॲ' चंही असंच: ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि अ, जोडक, वर चंद्र अशी दुसरी घडण आहे. 'ॲडव्हान्स' शोधलं तर सापडत नाही अशी तक्रार येते ती यामुळे.

ट्रिमचा इथे उपयोग नाही, ते फक्त टोकाच्या मोकळ्या जागा काढतं. जावाचा नॉर्मलायझर (समतुल्य रूपं एकसारखी करणारा क्लास) लावलास तर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेल्या अक्षरांची एकाच ध्वनीची दोन रूपं एकत्र येतील, पण या दोन जोड्या नाही येणार, कारण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीत. खरा उपाय सोपा आहे: माणसांना दाखवायचं नाव मॅपची किल्ली म्हणून वापरायचंच नाही. प्रवर्गाचा इनम कर, डेटाबेसमध्ये त्याचा छोटा कोड ठेव, आणि मराठी नाव फक्त पडद्यावर दाखवायला. मग कोणी कुठल्याही कीबोर्डवर टाइप करो.

सुरंगी

लेंग्थ वेगळी आली!! एक १५, एक १६. दोन संध्याकाळ डोकं फोडत होते. इनम करते.

खाजन

धागा चांगला आहे, पण सगळ्याशी सहमत नाही. मी पर्वरीला सर्व्हिसच्या कामात आहे. काउंटरवर माणूस उभा असतो, मागे रांग असते. तिथे मूळ शोधत बसायला वेळ नसतो. अट घालून काम पुढे नेलं तर त्यात चूक काय? वापरणाऱ्याला तांबड्या अक्षरांत एक्सेप्शन दाखवणं यात कसली सेवा?

शिवाय ऑप्शनल आहे की, आत किंमत असेल किंवा नसेल अशी डबी. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून. सगळीकडे ऑप्शनल वापरा, नलचा विषयच मिटतो.

कुळागर

खाजन, काउंटरवरच्या माणसाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रांगेतल्या माणसाला स्टॅक ट्रेस दाखवू नये. पण त्यासाठी प्रत्येक ओळीवर अट कशाला? एका विनंतीची जी बाहेरची हद्द असते, पडदा किंवा कंट्रोलर, तिथे एकदाच एक्सेप्शन धरावं, माणसाला 'ही नोंद आत्ता होत नाही, वहीत लिहून घेतो' असं सांगावं, आणि लॉगमध्ये पूर्ण ट्रेस सभासद क्रमांकासह लिहावा. काम थांबत नाही आणि पुरावाही राहतो. मी ज्याच्या विरोधात आहे ते आहे नलपॉइंटरएक्सेप्शन पकडून रिकाम्या कंसात गिळून टाकणं. असा एक रिकामा कॅच (एक्सेप्शन पकडणारा भाग) आम्हाला वर्गणीच्या भागात सापडला. पैसे घेतले जात होते, पावती निघत होती, नोंद मात्र अर्धवट राहत होती.

ऑप्शनलचं: मेथड काहीतरी शोधून देते आणि ते न सापडणं ही रोजची गोष्ट आहे, अशा परतीच्या प्रकारासाठी ते उत्तम. 'क्रमांकावरून सभासद शोध' याने ऑप्शनल दिलं की बोलावणाऱ्याला 'नसला तर काय' याचा विचार करावाच लागतो. पण फील्डमध्ये, पॅरामीटरमध्ये सगळीकडे घातलं तर ऑप्शनल स्वतःच नल असू शकतं, म्हणजे एकाच्या जागी दोन रिकाम्या अवस्था झाल्या. आणि न तपासता गेट म्हटलं तर नलपॉइंटरच्या ऐवजी नोसचएलिमेंट येईल, एवढाच फरक. ऑप्शनल.ऑफ ला नल दिला तर तेही नलपॉइंटरच देतं. शंका असेल तिथे ऑफनलेबल.

खाजन

हद्दीवर धरायचं हे पटलं. आमच्याकडे आठशे ओळींच्या एका क्लासमध्ये पावलागणिक कॅच आहे, आणि लॉग बघून काही म्हणजे काही कळत नाही. फील्डमधल्या ऑप्शनलबद्दल मात्र माझं मत अजून तेच. गेटर वाचताना कळतं तरी की हे नसू शकतं.

मांडवीतीर

खाजन, 'नसू शकतं' हे वाचताना कळावं एवढीच गरज असेल तर त्यासाठी ॲनोटेशन, म्हणजे कोडला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या, आहेत. जेस्पेसिफाय नावाचा संच आहे, त्याची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. पॅकेजला 'नलमार्क्ड' लावलं की आतलं सगळं नल नसणारं धरायचं, आणि जे असू शकतं त्यालाच 'नलेबल' लिहायचं. मग नलअवे सारखं साधन कंपाइल करतानाच सांगतं की मिडलनेमवर तू न तपासता ट्रिम म्हटलंस. नलअवे उबरने मोकळं केलेलं आहे, गूगलच्या एररप्रोन या चुका शोधणाऱ्या साधनावर बसतं. जुन्या प्रोजेक्टवर एकदम लावलं तर इशाऱ्यांचा पूर येतो, एकेक पॅकेज करत जायचं.

जावासोबत चालणाऱ्या कॉटलिन भाषेत हे मुळातच आहे. प्रकारापुढे प्रश्नचिन्ह नसेल तर तिथे नल ठेवताच येत नाही. पण जावातून आलेल्या किमतीवर तिथेही भरवसा नाही, सीमेवर तपासावंच लागतं.

अवांतर: नल रेफरन्स टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणला, आणि २००९ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. करायला सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही असं त्यांनी सांगितलं होतं. साठेक वर्षं झाली आणि आपण फोंड्यात बसून त्याचा माग काढतोय.

साष्टीकर

स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी एक भर. सर्व्हिसमधलं ऑटोवायर्ड, म्हणजे स्प्रिंगने स्वतः भरायचं, फील्ड नल येतंय अशी ओरड आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. नव्वद टक्के वेळा कुणीतरी ती सर्व्हिस न्यू लिहून स्वतः बनवलेली असते. न्यूने बनवलेल्या ऑब्जेक्टची स्प्रिंगला खबरच नाही, तो त्यात काही भरणार कसा? उरलेल्या वेळी ते फील्ड कन्स्ट्रक्टरच्या आत वापरलेलं असतं. फील्ड भरलं जातं कन्स्ट्रक्टर संपल्यावर. दोन्हीवर उपाय एकच: फील्डऐवजी कन्स्ट्रक्टरमधून घ्या आणि फायनल करा. मग न देता ऑब्जेक्ट बनवायचं म्हटलं तर कंपायलरच अडवतो.

कन्स्ट्रक्टरवरून आठवलं. वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरने एखादी मेथड बोलावली आणि ती खालच्या क्लासने बदललेली असेल, तर खालच्या क्लासची फील्ड त्या वेळी अजून नलच असतात. कोडमध्ये फील्डला तिथल्या तिथे किंमत दिलेली दिसते, तरी नल. अशा वेळी माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो.

पेडण्याचा बाबू

माझी भर छोटी. स्कॅन केलेली मुखपृष्ठं ज्या फोल्डरमध्ये आहेत तो फोल्डर वाचणाऱ्या लूपमध्ये फुटलं. संदेश आला: 'कॅनॉट रीड द ॲरे लेंग्थ बिकॉज लोकल३ इज नल'. लोकल३ नावाचं व्हेरिएबल माझ्या कोडमध्ये कुठेच नाही. नंतर कळलं की ॲरेवर फॉर-ईच लिहिलं की कंपायलर आपल्यासाठी एक बिननावाचं व्हेरिएबल बनवतो, हे ते.

आणि ॲरे नल का, तर फाइल.लिस्टफाइल्स(). फोल्डर रिकामा असला तर ती रिकामा ॲरे देते, पण फोल्डरच नसला किंवा वाचताना अडचण आली तर नल देते. आमच्याकडे पावसात लाईट गेली, आली, संगणक आधी सुरू झाला आणि नेटवर्कवरची डिस्क मागाहून. तेवढ्या वेळात फोल्डर नाहीच! आता फाइल्स.लिस्ट वापरतो. ती नल देत नाही, फोल्डर नाही असं सांगणारं एक्सेप्शन देते, त्यात पाथही लिहिलेला असतो. क्लासमधली गेटरिसोर्सॲजस्ट्रीम पण अशीच, फाइल सापडली नाही तर गुपचूप नल.

वेर्णेकर

धागा वर काढतोय. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन हे नाव तेवढं दिसतं. ना संदेश, ना एकही ट्रेसची ओळ. जावा १७ आहे. लॉगिंगही बरोबर आहे, एक्सेप्शन ऑब्जेक्ट शेवटचा पॅरामीटर म्हणून दिलेला आहे, बाकीच्या एक्सेप्शनचे ट्रेस व्यवस्थित येतात. कुणी असं पाहिलंय?

मांडवीतीर

पाहिलंय. लॉगिंगचा दोष नाही, जेव्हीएमचा, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचा, हा मुद्दाम केलेला बदल आहे. एकाच जागी तेच एक्सेप्शन पुन्हा पुन्हा येत राहिलं आणि ती मेथड जेआयटीने (प्रोग्राम चालू असतानाच कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरने) पूर्ण ऑप्टिमाइझ करून कंपाइल केली, की हॉटस्पॉट ही नेहमीची जेव्हीएम दरवेळी नवा ट्रेस गोळा करण्याऐवजी आधीच तयार ठेवलेलं एक एक्सेप्शन फेकतं. त्यात संदेश नसतो, ट्रेसही नसतो.

दोन वाटा आहेत. सर्व्हर सुरू झाल्यानंतरचा सगळ्यात जुना लॉग उघडा. सुरुवातीच्या वेळी हे ऑप्टिमायझेशन झालेलं नसतं, त्यामुळे तिथे पूर्ण ट्रेस असणारच. लॉग फिरवून जुने पुसले असतील तर जेव्हीएमला 'ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो' हा पर्याय वजा चिन्हासह द्या आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या काही वेळा ट्रेस तसाही येईल.

वेर्णेकर

मांडवीतीर, मनापासून आभार. जुना लॉग झिप करून ठेवलेला होता, त्यात पहिल्याच तासात पूर्ण ट्रेस मिळाला. कुळागर यांनी लिहिलंय तसं तिथे न थांबता नल कुठून आला ते बघत मागे गेलो.

आमच्याकडे दुसऱ्या टीमकडून जेसॉन (नाव-किंमत अशा जोड्यांच्या मजकुराचे) संदेश येतात. त्यांनी नव्या आवृत्तीत एका फील्डच्या नावातलं मोठं अक्षर लहान केलं. जेसॉन वाचणारी जॅक्सन लायब्ररी आवृत्ती २ मध्ये मुळात अनोळखी फील्ड दिसलं की तक्रार करते, पण स्प्रिंग बूटमध्ये ती तक्रार आधीच बंद केलेली असते. त्यामुळे नव्या नावाचं फील्ड दुर्लक्षिलं गेलं, जुन्या नावाचं नल राहिलं, आणि तीन क्लास पुढे जाऊन हिशोबात फुटलं. हिशोबाच्या कोडमध्ये कुणीतरी अट घातली असती तर रक्कम न धरताच बेरीज पुढे गेली असती.

संदेशाचा क्लास आता रेकॉर्ड, म्हणजे बनल्यावर न बदलणारा माहितीचा क्लास, केलाय आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फील्डच्या नावासह रिक्वायरनॉननल आहे. संदेश आल्या आल्या नाकारला जातो आणि कुठलं फील्ड नाही ते पाठवणाऱ्याला उत्तरातच मिळतं. त्यांनी आज दुपारी नाव पूर्ववत केलं.